बरक्याचा अमेरिकन गरुड

चहा आधी ओतून घ्या, कारण हे सांगताना मला मधेच थांबावंसं वाटणार आहे. माझ्या हातून झालेला घोटाळा एवढासा असता तर मी तो केव्हाच पोटात घातला असता. पण हा घोटाळा तीस फूट उंच आहे आणि रस्त्यावरून दिसतो!

आम्ही आखातातल्या बरक्याला राहतो. समुद्राला लागून अर्बाबची खजुराची आणि लिंबांची बाग आहे. अर्बाब म्हणजे बाबांचे मालक. बाबा तिथले पंप सांभाळतात. बागेत एक जुना लोखंडी मनोरा आहे आणि त्याच्या टोकाला टीव्हीचा अँटेना. हा अँटेना नीट असला की समुद्रावरून दुबईकडचं चॅनल लागतं. आणि चॅनल लागलं की शारजाचं क्रिकेट दिसतं. आमच्या आवारातल्या आठ काकालोकांचं वर्षभराचं सुख म्हणजे ते क्रिकेट.

गेल्या डिसेंबरात त्या मनोऱ्यावर एका जोडप्याने घरटं बांधलं. घरटं कसलं, काटक्यांचा ढिगारा! त्यात निळी दोरी, जाळ्याचा तुकडा आणि कुणाची तरी बनियन. पुढे पिल्लं झाली, तीन.

मी शाळेतून आले की गच्चीवर जायची. बाबांची जुनी दुर्बीण होती, तिची एक काच तडकलेली. एक डोळा मिटून मी सगळं वहीत लिहायची. नर मासा आणतो तेव्हा माशाचं तोंड पुढे, शेपूट मागे. मादी बारीक तुकडे करून भरवते. तिसरं पिल्लू लहान आहे, त्याचा नंबर शेवटी. पण ती त्याला विसरत नाही.

आता पक्षी कुठला? शाळेच्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकात चित्र सापडलं. पांढरं डोकं, तपकिरी पाठ, काटक्यांचं प्रचंड घरटं, खाणं मासे. बाल्ड ईगल. अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी! चित्रातल्या गरुडाची छाती तपकिरी होती आणि आमच्याची पांढरी. मी वहीत लिहिलं, ‘उन्हाने रंग उडाला असावा.’ आमच्याच्या डोळ्यावरून काळा पट्टा जात होता. त्यापुढे लिहिलं, ‘काळजीने.’

हसा. मी थांबते.

तर पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा जेवताना म्हणाले की अँटेना काटक्यांच्या वजनाने वाकलाय, टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात आणि शारजाच्या मॅचेस तोंडावर आल्यात. सगळ्यांनी मिळून अर्बाबला सांगितलं आणि अर्बाबने परवानगी दिली. परवा बाबांनीच वर चढून घरटं काढायचं.

“आणि पिल्लं?” मी विचारलं.

बाबांनी भाताकडे पाहिलं. “मी कसा नाही म्हणू गं? आठ जण आहेत ते.”

दुसऱ्या दिवशी आईने अर्बाबकडे पुरणपोळ्यांचं ताट देऊन मला पाठवलं. ताट देऊन दारातूनच पळायचं, हा माझा चार वर्षांचा शिरस्ता. त्या घरात माझा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. पण त्या दिवशी अर्बाब स्वतः दारात होते. त्यांनी आत बसवलं आणि कॉफी मागवली.

तिथली कॉफी छोट्या, बिनकानाच्या कपात देतात. पुरे झाली की कप हातात जरासा हलवायचा. नाही हलवला तर ते भरतच राहतात. हे मला माहीत होतं हो! पण डोक्यात ती तीन पिल्लं. शिवाय घरचं वळण असं की वाढलेलं टाकायचं नाही. मी कप रिकामा करायची, त्यांचा धाकटा भाऊ भरायचा. सहाव्या कपाला माझे कान गरम झाले. सातव्याला हात खिशातल्या वहीकडे गेला. आठव्याला तोंड आपोआप उघडलं.

मी माझ्या शाळकरी हिंदीत सांगितलं की मनोऱ्यावरचा पक्षी साधासुधा नाही, तो अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी आहे, वाट चुकून आपल्या बागेत आलाय, आणि त्याची पिल्लं उडायला अजून तीन आठवडे लागतील. वहीसुद्धा दाखवली.

अर्बाबने वही दोनदा उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, “अमरीका से? इतना दूर से मेहमान आया, तो कैसे निकालेगा? खलास. घर उधर ही रहेगा.”

मी कप न हलवताच पळाले.

पुढचे तीन आठवडे विचारू नका. आठही काकांनी आधी माझ्याशी बोलणं टाकलं. मग रेडिओवर कॉमेंटरी ऐकत मनोऱ्याखाली बसायला लागले आणि हळूहळू त्यांचं लक्ष वर जायला लागलं. अमेरिकेचा पक्षी रोज थोडाच दिसतो! शुक्रवारी अर्बाबचे मित्र रुस्ताक गावाहून गाड्या भरून आले. मला माहिती सांगायला बोलावलं. मी, वर्गात हजेरी देतानाही घसा खाकरणारी मुलगी, दुर्बीण फिरवत बोलत होते. शेवटी मी मनोऱ्याच्या खालच्या दांड्यांवर लावायला एक मोठी पाटी रंगवली. इंग्रजीत, ठळक, सुवाच्य: बाल्ड ईगल, कृपया त्रास देऊ नये. खाली माहिती देणारी म्हणून माझं पूर्ण नाव. त्याखाली अर्बाबने स्वतः अरबीत दोन ओळी लिहिल्या. मला अरबी वाचता येत नाही. भाषांतर असणार, दुसरं काय?

मग एका सकाळी तिसरं पिल्लू उडालं. काठावर येऊन, मागे जाऊन, परत येऊन. काकालोकांनी शतक झाल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मी रडत होते. शेजारी रत्नागिरीचे कासिमचाचा उभे होते, बागेची पिकअप चालवणारे. ते पाटी वाचत होते, आणि हसत होते.

“पोरी, खाली काय लिवलाय, ठावं हाय तुला?”

नव्हतं. त्यांनी वाचून दाखवलं: ‘ही आपल्याच किनाऱ्याची मासेमार घार आहे. पण या मुलीने तिला दूरची पाहुणी मानलं आहे. पाहुण्याला उठवू नका.’

तडकलेली दुर्बीण माझ्या हातातून पडली. उरलेली काचही गेली.

कासिमचाचांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. थंडीत त्यांच्या खाडीवर हाच पक्षी येतो. अर्बाबच्या वडिलांच्या होडीतले मासे याच पक्ष्याच्या आजोबा-पणजोबांनी पळवले होते. रुस्ताकच्या पाहुण्यांना माहीत होतं. त्यांनी माझं भाषण मान डोलवत ऐकून घेतलं होतं! मी अर्बाबकडे गेले आणि विचारलं, माहीत होतं तर हो का म्हणालात?

“चार साल तुम आया, एक बात नहीं बोला,” ते म्हणाले. “पहला बार बोला, वो भी आठ कॉफी पी के. हम ना बोलेगा?”

बाहेर आल्यावर कासिमचाचांनी हळूच बजावलं, “त्या आठ जणांना सांगू नको हां. अमेरिकेसाठी मॅच सोडली त्यांनी. घारीसाठी नसती सोडली.”

मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. त्या तीन आठवड्यांत माझ्या चुकीला सांभाळून घेणारी एवढी माणसं माझ्याभोवती होती आणि मला वाटत होतं, पिल्लांना मीच सांभाळतेय.

या डिसेंबरात जोडी परत आली. अँटेनाला आता बाबांनी वेगळा खांब केलाय. मी रंगाचा डबा घेऊन पाटी दुरुस्त करायला गेले, तर अर्बाबने हात लावू दिला नाही. राहू दे म्हणाले, मेहमान नाराज होईल.

मी म्हटलं, ठीक आहे, बागेत कोण बघतंय? पण आमच्या शाळेची बस आता नव्या रस्त्याने जाते. बरोबर मनोऱ्यासमोर वळणावर हळू होते. आणि माझं अक्षर, सगळे शिक्षक म्हणतात, इतकं छान आहे की शेवटच्या बाकावरूनही नाव स्पष्ट वाचता येतं.