कुशलची दाढ

माकुणसारच्या विजयाकाकींचा कुशल तिशीला आला, तरी मन त्याचं पाच-सहा वर्षांच्या पोराचंच राहिलं. बोलणंही चार-दोन शब्दांचं. नवरा गेल्यावर पानवेलींची वाडी आणि हा मुलगा, दोन्ही काकींनी एकटीनं सांभाळलं.

त्या हिवाळ्यात कुशल जेवेनासा झाला. गाल धरून भिंतीवर डोकं आपटू लागला. दाढ किडलीय हे काकींना उमगलं, पण दाखवायची कुणाला? सफाळ्याच्या डॉक्टरांच्या बोटालाच तो चावला. दुसऱ्या दवाखान्यानं तर बाहेरच्या बाकावरूनच परत पाठवलं. मुंबईला नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल, असं जो तो सांगे. तिथली तारीख मिळाली ती पावसाळ्यानंतरची.

पालघरच्या किंजल डॉक्टरांकडे काकी गेल्या, त्या आशा सोडूनच.

"मॅडम, आदीच सांगते, तो चावतो," त्या म्हणाल्या.

किंजलनं दुखणं थांबायला औषध दिलं, पण त्याला खुर्चीत बसवलं नाही. स्वतःच खुर्चीत बसली, छोटा आरसा त्याच्या हाती दिला आणि आ केला. कुशल तिचे दात निरखत राहिला, मग खुदकन हसला. त्या दिवशी एवढंच. बाहेर ताटकळलेली माणसं मात्र कुरकुरली, की डॉक्टर खेळत बसल्यात आणि खोळंबा आमचा. म्हणून पुढच्या वेळेपासून तिनं काकींना आणि कुशलला आठवड्यातून एकदा दवाखाना बंद असतो त्या दुपारी बोलावलं.

अशा तीन-चार खेपा झाल्या. एक दिवस कुशल आपणहून खुर्चीत बसला. दाढ वाचण्यासारखी नव्हती. सुई टोचली तेव्हा तो ओरडला, आईचा हात घट्ट आवळला, पण तोंड मिटलं नाही. दाढ निघाली तशी काकी रडू लागल्या.

"इतकी वरसं मला वाटायचं, हाच कुणाला हात लावू देत नाय. त्याच्यासाठी कुणी थांबलंच नव्हतं."

किंजलनं त्यांना पाणी दिलं आणि ती शेजारी बसून राहिली.

आता ती दुपार अशाच मुलांची असते. काकीही अधूनमधून तिथं मदतीला जातात. परवा बोईसरहून एक बिहारी बाई आली. तिची मुलगी दारातच अडून रडत होती, आणि बाई शरमेनं परत फिरायला निघाली होती. काकींनी बाकावर सरकून तिला जागा केली.

"बैठो," त्या म्हणाल्या. "इधर कोई घाई नाय."