मडक्याचा तळ

उकडलेली मुडली उरली, तर ताटात पसरून गार करावी. वाफ गेली की झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावी, दोन दिवसांत संपवावी, आणि खाताना वाफ येईपर्यंत पुन्हा गरम करावी. झोपेतून उठवून विचारलंत तरी हे मी धडाधड सांगेन. शाळेत दुपारचं जेवण शिजवायचं काम करते मी. उरलेल्या अन्नाचं काय करायचं ते मला कुणी शिकवायला नको. शाळेत जे उरतं ते त्याच दिवशी टाकून मोकळी होते. घरी मात्र मूठभर फोडींपुढे हरले, आणि अशी हरले की अजून स्वतःचं तोंड बघवत नाही.

मुडली हा अळवाच्याच जातीचा जाडजूड कंद. आमच्या जोयड्याकडे, गोव्याच्या सीमेलगतच्या रानात, थंडीत तो परसातून खणून काढतात, तुकडे करतात आणि मिठाच्या पाण्यात मडक्यात उकडतात. आईच्या हातची मुडली खाऊन आम्ही दोघं वाढलो, मी आणि माझा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला. भात कधी पुरायचा, कधी नाही, मुडली मात्र पुरायची.

आमच्यात एक रीत आहे. मडक्याचा तळ दिसू द्यायचा नाही. सगळ्यांनी खाल्लं तरी मूठभर फोडी आत राहिल्या पाहिजेत, कारण कुणीतरी अजून रानातून यायचं असतं. बांबू तोडायला गेलेला, गुरं शोधायला गेलेला, वाट चुकलेला. तो दमून येणार, त्याला गार खायला घालायचं का? म्हणून मडकं चुलीच्या वैलावर ठेवायचं. वैल म्हणजे मोठ्या चुलीला जोडलेली बाजूची चूल. तिथं जाळ नसतो, नुसती ऊब असते. दुसऱ्या दिवशी नव्या फोडी त्याच्यावरच घालायच्या. मी लहान असताना ह्या रीतीनं कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडायला वेळच मिळायचा नाही. येणारा संध्याकाळी यायचाच आणि मडक्यात हात घालून तळापर्यंत सगळं फस्त करायचा. बहुतेक वेळा तो माझा भाऊच असायचा.

भाऊ कॅसलरॉकहून रेल्वेनं गोव्याला कामाला गेला, त्याला चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी गणेशचवथीला आला, होळीच्या शिगम्याला आला. मग नुसता फोन यायला लागला. मग फोनही लागेनासा झाला. त्याच्याबरोबर गेलेल्या पोरांना विचारलं, तर कुणी म्हणालं त्यानं काम बदललं, कुणी म्हणालं ठाऊक नाही. दोनदा मी स्वतः जाऊन शोधून आले. हाती काही लागलं नाही.

आई त्याच्याबद्दल बोलायची नाही. फक्त मडक्याचा तळ दिसू द्यायची नाही.

मी पगारातून जुना का होईना एक फ्रीज आणला. आई त्याच्याकडे सवत घरात आल्यासारखी बघायची. "आये, ह्यात ठेव. त्याच्या वाट्याचं ह्यात चांगलं राहील," मी समजावून सांगितलं.

"त्यात दगड होत्यात फोडी," ती म्हणाली. "दमून आलेल्या माणसाला गारढोण घालू व्हय?"

"मग आल्यावर गरम कर की."

"मी निजलेली असली तर? तो काय मला उठवंल? उपाशी निजंल, पन उठवायचा न्हाई."

तरी मी तोंडाची वाफ दवडतच राहिले. कोमट राहिलं की अन्न बिघडतं, वर ताजं घातलं तरी तळचं शिळंच राहतं, वास आला नाही तरी विष असू शकतं. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "उकळलं की समदं शुद्ध हुतंय." होत नाही. काही विषं उकळूनही जात नाहीत. पण हे मी सांगणार कुणाला? आयुष्यभर जाळावर विश्वास ठेवून जगलेल्या बाईला?

मग मी चोरी करायला लागले. सकाळी आई परसात गेली की मडक्यातल्या जुन्या फोडी काढायच्या, मागच्या उकिरड्यात टाकून वर शेण लोटायचं, मडकं कढत पाण्यानं विसळायचं आणि माझ्या वाट्याच्या ताज्या फोडी तळाशी घालायच्या. आईला तळ कधी रिकामा दिसला नाही. दोन हिवाळे मी हे डोळ्यांत तेल घालून केलं. मला वाटायचं, मी फार शहाणी आहे. आईचं पोटही सांभाळलं आणि तिची आशाही.

ह्या थंडीत शाळेच्या स्वयंपाकिणींसाठी तालुक्याला दोन दिवसांचं शिबिर लागलं. विषय काय, तर अन्न स्वच्छ कसं ठेवावं! तिथं मी पहिल्या रांगेत बसून पटापट उत्तरं देत होते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. जाताना मी शेजारच्या काकूला सांगून गेले होते की आईकडे लक्ष ठेवा. मडक्याचं काही बोलले नव्हते. माझी चोरी दुसऱ्याला कशी सांगू?

तिसऱ्या दिवशी दुपारी बसमधून उतरले, तर काकू रस्त्यावरच उभी. "बिगी चल," एवढंच म्हणाली. आई ओटीवर आडवी होती. सकाळपासून उलट्या आणि जुलाब. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. चुलीपाशी मडकं पालथं पडलं होतं, रिकामं.

शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, काय खाल्लं होतं? मी सांगितलं. किती दिवसांचं? मी सांगितलं. मी काय काम करते तेही त्यांनी विचारलं, आणि तेही मला सांगावं लागलं. ते नुसते लिहीत राहिले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं, तेव्हा मी रागावलेच. राहवलंच नाही. "एवढं सांगूनसुद्धा का खाल्लंस? टाकून द्यायचं होतंस!"

ती छताकडे बघत पडली होती. "तू टाकतीसच की," ती म्हणाली.

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

"पयल्या हिवाळ्यापासनं ठावं हाय मला," ती म्हणाली. "उकिरड्यात दिसल्या. रोज त्याचा वाटा शेणात. तुला बोलले न्हाई. तुझंबी खरंच हुतं. ह्या खेपंला तू न्हवतीस. म्हनलं, एक डाव तरी शेणात जाऊ नये. मीच खाल्ल्या."

दोन हिवाळे मी आईला फसवते आहे असं समजत होते, आणि ती दोन हिवाळे माझ्याकडे बघून गप्प राहत होती. रोज सकाळी ती परसात जायची ती बहुधा मला सवड मिळावी म्हणूनच. तिच्या लेकाचा वाटा मी रोज घाणीत घालत होते आणि ती मला ते घालू देत होती. रडूही येईना. खाटेच्या कडेवर बसून तिचे पाय चेपत राहिले.

ती वाचली. पण तिच्यातलं काहीतरी गेलं ते गेलंच. आता धरून चालते, दोन घास खाते आणि पुरे म्हणते. चुलीपाशी मीच असते.

घरी आल्यावर आठवड्यानं परसातली मुडली काढली आणि उकडली. बेतानंच, दोघींपुरती. मी ताटं वाढली, तर आई आपलं ताट बाजूला सारून मडक्यापाशी सरकत आली.

"किती ऱ्हायल्यात?" तिनं विचारलं.

"चार फोडी. डब्यात घालून फ्रीजात ठेवते, आये. त्याच्यासाठी. दोन दिवस चांगल्या राहतील." हे मी मनापासून म्हणाले होते. रोज ठेवायला, रोज बदलायला, तिच्या देखत, तिला सांगून, माझी आता तयारी होती.

तिनं नको म्हणून मान हलवली. दोन फोडी माझ्या ताटात घातल्या, दोन स्वतःच्या. मग बसल्या बसल्या एकेक करून खाल्ल्या, मीठही न लावता. मीही खाल्ल्या. खाऊन झाल्यावर तिनं मडकं उचलून माझ्यापुढं धरलं. तिला आता बारीक दिसत नाही.

"बघ गं," ती म्हणाली. "तळ दिसतोय न्हवं?"

"दिसतोय," मी म्हणाले.