नसलेल्या गॅलरीची घरपट्टी

तुमच्या घराची किंमत किती, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पालिकेने की दलालाने? दोघांना एकाच आठवड्यात विचारून बघितलंय कधी? पेंटरकाकांनी बघितलं, आणि त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

पेंटरकाका म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. छापील फलक आले तशी कामं आटली, पण हात शिवशिवायचे काही थांबेनात. शेवटी त्यांनी आपल्याच घराची पुढची भिंत धरली. घर म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक. वरच्या खोलीच्या सपाट भिंतीवर त्यांनी बाहेरून गॅलरी रंगवली. नक्षीचा कठडा, मागे अर्धवट उघडं दार, कठड्यावर आळसावलेलं मांजर आणि सगळ्याची तिरपी सावली. टपालवाला वर बघून काकूंना हाका मारायचा आणि काकू खालच्या दारातून हात पुढे करायच्या.

नव्याने आकारणी करायला पालिकेचा निरीक्षक आला, तो रस्त्यावरच उभा राहिला. त्यांची पद्धतच तशी. गल्लीतून चालायचं, मान वर करायची, मजले-गॅलऱ्या धरायच्या, फोटो काढायचा, पुढचं घर. कुणाच्या जिन्यात धापा टाकायला नकोत.

"गॅलरी नवीन दिसते, काका."

"अगदी ताजी आहे."

"मजबूत आहे ना?"

"चार माणसं बसली तरी हलायची नाही."

निरीक्षक वळला आणि काका उंबऱ्यात बसून पोट धरधरून हसले. पालिकेचा माणूस कसा गंडला, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला रंगवून सांगितलं.

मग बिल आलं. दुपटीच्या वर. गॅलरी धरली होतीच, आणि ज्या अर्थी गॅलरी आहे त्या अर्थी घर ऐपतदाराचं, म्हणून घराचा दर्जाही चढवला होता.

"हसून झालं असेल तर ऐका," काकू म्हणाल्या. "पुढची खोली भाड्याने द्यावी लागणार. एवढं भरायचं कुठून?"

पुढची खोली म्हणजे काकांची कामाची जागा. रंगाचे डबे, कडक झालेले ब्रश, टर्पेंटाइनचा वास. झोपायला त्यांना घर होतं, पण जगायला तेवढी एकच खोली होती. ती हातची जाते म्हटल्यावर काकांचं हसू पळालं.

पालिका म्हणते तेवढी घराची किंमत खरंच आहे का, हे बघायला त्यांनी दलालाला बोलावलं. दलाल आत आला. त्याने भिंत ठोकून बघितली, ओल हुंगली, मोरीत डोकावला, वर जाऊन आला आणि आकडा सांगितला. पालिकेने धरलेल्याच्या निम्मा.

"निम्मा?"

"गल्लीत गाडी शिरत नाही, पेंटर. घेणारा कपाट काय डोक्यावरून आणणार?"

"आणि गॅलरी?" काकांनी हळूच विचारलं.

"गॅलरी झकास आहे. तिच्यात जायला दार तेवढं सापडलं नाही."

हा गडी फसला नाही, याचा काकांना त्या निम्म्या आकड्याहून जास्त राग आला. दलालाने जाता जाता आणखी एक काडी टाकली. कोपऱ्यावर उंच भिंतीआड बंगला आहे, त्याची घरपट्टी काकांपेक्षा कमी. तिथे पूर्वी पत्र्याचं गोदाम होतं. पालिकेच्या लेखी ते अजून आहे, कारण रस्त्यावरून नुसती भिंतच दिसते.

हरकतीच्या सुनावणीला काकू बरोबर गेल्या, नवऱ्याच्या जिभेला लगाम म्हणून. "बंगल्याचं मागून. आधी आपलं बघा."

अधिकारी बाईंनी फोटो पुढे सरकवला. "गॅलरी नाही म्हणता? मग हे काय आहे?"

"चित्र."

"कठड्याची सावली पडलीय."

"मीच पाडलीय."

"मांजर बसलंय."

"तेही माझंच. दूध मागत नाही."

बाईंनी चष्मा पुसला. "काका, लोक गॅलरी लपवतात. आहे ती गॅलरी चित्र आहे म्हणणारे तुम्हीच पहिले. आणि चार माणसं बसतील, असं आमच्या माणसाला कोण म्हणालं?"

काकू सावकाश नवऱ्याकडे वळल्या. एवढा भाग घरी सांगायचा राहून गेला होता.

"हलायची नाही म्हणालो," काका पुटपुटले. "भिंत कशी हलेल?"

शेवटी बाई स्वतः घरी आल्या. वरच्या खोलीत त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. दार नाही, खिडकी नाही. खाली येऊन रस्त्यावरून बघितलं तर गॅलरी जागच्या जागी. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण हसू डोळ्यांतून निसटलंच.

"कमी करते. पण भिंतीला पांढरा मारून घ्या. पुढच्या वेळी दुसरा माणूस येईल, तोही रस्त्यावरूनच बघेल."

काकांचा चेहरा पडला. खोली गेली तरी चालेल, भिंत पुसणार नाही, असं ते बोलणार, तेवढ्यात काकू पुढे झाल्या. "मॅडम, मग तुम्हीच लिहा की भिंतीवर. वर गॅलरी नाही म्हणून. खाली सही करा."

भिंतीवर लिहू नये, असं कुठल्या नियमात बाईंना आठवेना. काकांनी ब्रश दिला. बाईंनी दाराशेजारी पहिली अक्षरं भोपळ्याएवढी काढली. पुढे जागा संपत आली तशी उरलेली एकमेकांच्या उरावर बसली, आणि शेवटच्या अक्षरातून एक ओघळ थेट पायरीपर्यंत गेला. आयुष्यभर सरळ रेषेवर पोट भरलेला माणूस मुठी आवळून शेजारी उभा होता.

"मॅडम, मी जरा नीट करू?"

"हात लावू नका. तुम्ही नीट केलंत, तर तेही चित्रच म्हणतील."

बिल उतरलं. पालिकेने धरलेली किंमत अजूनही दलालाच्या आकड्याहून चढीच आहे, पण खोली वाचली. काका घरात शिरताना त्या अक्षरांकडे पाठ करून, आडवे शिरतात. कोपऱ्यावरचं गोदाम मात्र आजही गोदामच आहे, आणि त्याच्या फाटकातून लांबलचक गाड्या आत जातात.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरपट्टीचं बिल आलं की मुकाट्याने भरून मोकळे होऊ नका. पालिकेत जा, तुमच्या घरात त्यांनी काय काय धरलंय ते विचारा, आणि नसलेलं असेल तर मुदत संपायच्या आत हरकत घ्या. वाटेत एखादी उंच भिंत लागली, तर टाचा उंचावून पलीकडे बघा. आणि काय दिसलं, ते पालिकेच्या खिडकीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.