टायमरअण्णांचा जिना

टायमरअण्णांना भर दुपारी जळणारा दिवा दिसला की त्यांचं डोकं उठायचं. मग ते कुणाच्याही दुकानात सरळ शिरायचे, आधी बटण बंद करायचे आणि नंतर रामराम घालायचे. पुंडलिकनगरातल्या आमच्या कॉम्प्लेक्सचे ते अध्यक्ष. तळमजल्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर माझं ब्यूटी पार्लर. अण्णांचं खरं नाव वेगळं होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही.

त्यांच्याआधी जिन्यातले दिवे आणि दुकानांचे बोर्ड रात्रंदिवस चालू असायचे. बिल सगळ्यांचं मिळून, म्हणजे कुणाचंच नाही. "चालू करणारे शंभर, बंद करणारा एक तरी पायजे का नाय?" असं म्हणत अण्णांनी मीटरच्या खोलीत टायमर बसवले. संध्याकाळी दिवे आपोआप लागत आणि ठीक आठला आपोआप जात. पाण्याची मोटरसुद्धा त्यांच्याच तालावर. बिल चांगलंच उतरलं, पण कटकटी वाढल्या.

मोबाईलवाल्या सलीमभाईंनी गळ घातली, ईदपुरता तरी बोर्ड उशिरापर्यंत ठेवा. "एकाला सूट दिली की रांग लागती," अण्णा म्हणाले. ईदला त्यांच्याच घरी दोन वाट्या शीरखुर्मा हाणून आले, आणि संध्याकाळी बोर्ड आठला बंद. सलीमभाईंनी हात जोडले, "अण्णा, तुमसे तो अल्ला बचाए!" दिवाळीत अण्णांच्या स्वतःच्या दुकानावरची माळही आठलाच विझली, त्यामुळं कुणाला बोलायला तोंडच नव्हतं.

माझं दुखणं वेगळं होतं. लग्नसराईत आमचं काम आठच्या पुढं चालायचं. माझ्याकडं कामाला तीन पोरी, तिघी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, पडेगावच्या. एकदा अंधारात जिन्यावर कुणीतरी दारू पिऊन बसलेला आढळला, आणि सुरेखाच्या आईनं बजावलं, "उद्यापासून कामाला जायचं नाय." बाकीच्या दोघीही तिच्यामागं जाणार हे उघड होतं. पोरी गेल्या तर पार्लरला कुलूपच. मी तावातावानं खाली गेले. "अण्णा, जिन्याचा टायमर नऊचा करा."

"टायमर हलणार नाय ताई. पण पोरी अंधारात उतरणार नायत."

मला वाटलं, झालं, बोळवण केली. पण त्या संध्याकाळपासून दिवे गेले की अण्णा टॉर्च घेऊन, गुडघे दाबत तीन मजले चढून यायचे. दाराबाहेर स्टुलावर बसायचे आणि शेवटची पोरगी रिक्षात बसेपर्यंत उजेड धरायचे.

"अहो, टायमर जरा फिरवला असता तर गुडघे वाचले असते," मी एकदा म्हटलंच.

"गुडघे माझे हायेत. टायमर सगळ्यांचा हाय."

असला हेकट माणूस मी जन्मात पाहिला नाही. राग यायचा, आणि त्या रागातच मी त्यांच्या हातात चहाचा कप द्यायचे. सुरेखाच्या आईनं मात्र पुन्हा कधी तक्रार केली नाही.

मागच्या लग्नसराईत एका संध्याकाळी काम आवरून सुरेखानं दार उघडलं आणि तिथंच थबकली. "मॅडम, आठ वाजून गेले. लाईट गेलीच नाय."

बाहेरचं स्टूल रिकामं होतं. मी सलीमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "अण्णांच्या छातीत दुपारी कळ आली. दवाखान्यात न्यायला आम्ही रिक्षा आणली, तर हे आधी मीटरच्या खोलीत. जिन्याचा टायमर नऊवर केला, मगच रिक्षात बसले."

अण्णा त्या दुखण्यातून उठले नाहीत. आम्हाला ते त्याच संध्याकाळी कळून चुकलं होतं. लख्ख उजेडात आम्ही चौघी एकमेकींचे हात धरून खाली उतरलो, आणि त्या जिन्यावर मला पहिल्यांदाच भीती वाटली.