घोटीपलीकडे नेलेला कडू घास

भावजय गेल्याचा फोन आला आणि मी उडीद शिजत घातले. रडायला वाटेत वेळ होता.

आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. नातलग जेवण नेतात, त्याला कडू घास म्हणतात. काळ्या उडदाची आमटी, बिनफोडणीची, आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी. माझे मालक गेले तेव्हा तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ नाना, हा घास घेऊन फिरकलाच नाही. आणला शेजारच्या सुशीलाने. सुशीला बौद्ध. तिच्या हातचं मी खाल्लं म्हणून नानाने माझ्याशी बोलणं टाकलं. स्वतः आणायचं नाही, दुसरीचं खाल्लं तर रुसायचं!

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर आमच्या अंबडहून हायवेला या आणि एसटीला हात करा. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. कंडक्टरने वय विचारलं, मी म्हटलं, "तुझ्या आजीला विचार, आम्ही बरोबरीच्या." घोटीहून पुढे काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली कधी ते ड्रायव्हर ठरवतो. दोन्हीकडे भाताची खाचरं लय देखणी, म्हणतात. मी डब्यावर हात ठेवून बसले होते. नाना खाईल का, एवढंच डोक्यात.

नाना ओसरीवर बसलेला. "आलीस, आक्का," म्हणाला. इतक्या वर्षांनी. मी ताट वाढलं. त्याने भाकरी मोडली, आमटीत बुडवली.

"एवढ्या भाकरी एकटीनं थापल्या?"

खोटं बोलले असते तर काम झालं असतं.

"नाय रे. निम्म्या सुशीलाने."

तोंडापाशी आलेला घास त्याने ताटात ठेवला.

"भूक नाय."

"कालपासून पोटात काय नाय त्यांच्या, आत्या," सून हळूच म्हणाली.

"नाना, तिची कुठली नि माझी कुठली, मलाबी ओळखू येत नाय. डोळे मिट आणि खा."

तो उठला आणि हात धुऊन आला. सुनेने ताट आत नेलं. थोड्या वेळाने आतून पोरं आमटी भुरकत असल्याचा आवाज आला. नानाने तो ऐकला, आणि मान फिरवली.

घरी आले. हे सगळं मी सांगतेय, नात तिच्या ब्लॉगवर लिहितेय. मला अक्षर येत नाही. ती विचारते, "आजी, प्रवासातून काय आणलंस?" काय आणणार? धुतलेला डबा.

मी परतले तेव्हा सुशीला दारातच उभी होती. "खाल्लं का भावानं?"

"नाय."

तिने माझ्या हातातला डबा घेतला. मग म्हणाली, "वाटेत भाकरी वाळल्या असतील, मावशी."

"असंल," मी म्हटलं.

आमची उकड काढून केलेली नागलीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. दोघींनाही माहीत आहे.