थोरलीचा होकार

बाटल्यांच्या शेडमध्ये वीस माणसं कामाला होती, पण कान एकच होता आणि तो थोरलीचा, असं सगळे म्हणायचे. थोरलीला ते फार आवडायचं. कौतुकाचा तसा तिच्या आयुष्यात दुष्काळच होता, म्हणून जे वाट्याला आलं ते ती पुरवून पुरवून वापरायची.

तिला थोरली म्हणायचे, कारण धाकटीही तिथेच होती. दोघी सख्ख्या जावा. नवरे एकापाठोपाठ एक गेले, लेकरं दोघींनाही झाली नाहीत, आणि मागे उरली एक खोली, दोन खाटा आणि एक स्टोव्ह. पूर्वी दोघी उघड्या हातांनी कचऱ्याचे ढीग उपसायच्या. मग वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, शेड मिळाली, हातमोजे आले, गळ्यात फोटोचं ओळखपत्र आलं. पहिल्या दिवशी धाकटीने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "जाऊबाई, फोटोत तुम्ही माझ्यावर डाफरताय." थोरली खरंच डाफरत होती. फोटोच्या वेळी धाकटी शेजारी उभी राहून तिला हसवत होती ना!

शेडमध्ये बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या. आधी झाकणं निघायची, मग कागद सोलले जायचे, मग रंग वेगळे व्हायचे. शेवटच्या टेबलावर समोरासमोर या दोघी. तिथलं काम सगळ्यांत अवघड. पाण्याच्या बाटलीसारखीच दिसणारी, पण भलत्याच प्लास्टिकची एक बाटली असते. शेडमध्ये तिला 'खोटी' म्हणत. गठ्ठ्यात थोड्या जरी खोट्या गेल्या तरी कारखान्यात वितळवताना सगळा माल काळवंडतो आणि भरलेली गाडी परत येते. खोटी वाकवून उजेडात धरली तर तिच्यावर पांढरी रेघ उठते. पण तेवढी उसंत पट्टा देतो कुणाला? थोरली बाटली नुसती दाबायची. खरी कडकडायची, खोटी भद्द करून गप्प व्हायची. थोरली मानही वर न करता तिला बाजूला भिरकावायची. धाकटीला एखादीची शंका आली की ती बाटली थोरलीच्या हातात द्यायची आणि निकालाची वाट बघायची.

पुढे शेडमध्ये चुरा करणारं यंत्र आलं. चालू झालं की दातसुद्धा थरथरायचे. संघटनेच्या बाईंनी सगळ्यांना कानात घालायला मऊ बोंडं वाटली. बाई तशा कडक, पण मनाने सरळ. थोरलीने बोंडं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "ही घालून मी बाटल्या काय नाकाने ओळखू?" सगळी शेड हसली. बाईसुद्धा हसल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. थोरलीने बोंडं डब्यात टाकली ती कायमची. ज्या कानावर तिची सगळी मिजास होती तो कान तिने त्या यंत्राच्या तोंडी असा स्वतःच्या हाताने दिला, आणि वर फुशारकीही मारली. तिला कुणी दोन शब्द सुनावायला हवे होते. पण शेडच्या कानाला कोण शिकवणार?

कान एका दिवसात गेला नाही. आधी स्टोव्हवरच्या पाण्याचा आवाज गेला. मग जेवणाच्या सुट्टीची घंटा. मग एके दिवशी थोरलीने बाटली दाबली, बोटांना कडकड लागली, पण कानात काही आलं नाही. तिने दुसरी दाबली, तिसरी दाबली. समोर धाकटी काहीतरी सांगून हसत होती. थोरलीही हसली.

तेव्हापासून तिने हे लपवलं, चार वर्षं. कळलं असतं तर काय झालं असतं? तिला झाकणांच्या टेबलावर बसवलं असतं, एवढंच. पण झाकणं काय, कुणीही काढतं. तिथे बसलेल्या बाईला कुणी कान म्हणत नाही. थोरलीने ओठ वाचायला शिकून घेतलं. समोरचा हसला की हसायचं, कपाळाला आठ्या पडल्या की च्‌च्‌ करायचं, आणि काहीच कळलं नाही तर मान हलवून म्हणायचं, "हो." हो म्हटलं की माणसं खूश होतात आणि पुन्हा विचारत नाहीत, हे तिला फार लवकर कळलं. एकदा बैठकीत सगळे तिच्याकडे बघायला लागले, म्हणून तिने जोरात हो म्हटलं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी महिनाभर घासायचं काम अंगावर ओढवून घेतलं. धाकटी आपणहून तिच्याबरोबर टाकीत उतरली. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "हो म्हणायची एवढी हौस कशाला हो जाऊबाई? उद्या कुणी लग्नाचं विचारलं तर?" थोरलीने तिच्यावर पाणी उडवलं.

धाकटीच्या या मास्कवरून रोज कटकट व्हायची. मुळात तिला दम्याचा त्रास, त्यात सोललेल्या कागदाची आणि यंत्राची धूळ. बाईंनी तिच्यासाठी चांगला जाड मास्क मागवला होता. पण बघावं तेव्हा तो हनुवटीखाली. बाई म्हणायच्या, "अहो, गळ्यात घालायचा दागिना आहे का तो?" धाकटी म्हणायची, "गुदमरायला होतं हो बाई. आणि मला बोलायला लागतं." हे मात्र खरं होतं. धाकटीच्या तोंडाला विश्रांती अशी नव्हतीच. थोरलीही तिला दटावायची, "वर घे तो, छातीचं खोकं झालंय तुझ्या." धाकटी मास्क वर घ्यायची आणि दोन मिनिटांत पुन्हा खाली ओढून काहीतरी सांगायला लागायची.

दरवर्षी डॉक्टर यायचे. कानाची तपासणी असायची. कानाला यंत्र लावायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. थोरलीने काय करावं? नर्सच्या मागे काचेचं कपाट होतं, त्यात नर्सचं बोट दिसायचं. बोट हललं की ही बटण दाबायची. दर वेळी कागदावर शेरा मिळाला, उत्तम. तो कागद तिने घरी नेऊन धाकटीला दाखवला. धाकटीने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "वा."

मग एका सकाळी कारखान्यातून गाडी परत आली. माल काळा पडला होता. बाई शेवटच्या टेबलापाशी आल्या. त्यांचे ओठ थोरलीला स्वच्छ दिसत होते. "कुणाच्या हातून झालं?"

संघटनेचा नियम होता, ज्याच्या हातून माल परत येईल त्याने तीन महिने टेबल सोडायचं आणि दारोदार कचरा गोळा करणाऱ्या हातगाडीवर जायचं. नियम कामगारांनीच केला होता. बैठकीत हात आपटून तो मंजूर करून घेणारी बाई होती थोरली. तेव्हा तिचा कान शाबूत होता.

थोरलीला कळलं होतं. गेली चार वर्षं ती नुसत्या बोटांच्या अंदाजाने बाटल्या टाकत होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात धाकटीने मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "माझ्याकडून झालं बाई. बडबडीत लक्ष राहिलं नाही."

थोरलीने उघडलेलं तोंड मिटलं. तेव्हा बोलायला हवं होतं. तिला शब्द सुचत नव्हते असं नाही. चारच शब्द होते, 'मला ऐकू येत नाही'. पण ती तोंडात मूग गिळून उभी राहिली आणि बाईंनी वहीत धाकटीचं नाव लिहिलं.

त्या दिवशी घरी जाताना थोरली म्हणाली, "तू कशाला बोललीस?" धाकटी तिच्याकडे तोंड करून, उलटी चालत म्हणाली, "मला हवा खायचीय. तुमचं तोंड बघून कंटाळा आला." आणि दोघी हसल्या. थोरलीचं ओझं उतरलं. म्हणजे उतरलं असं तिने स्वतःला समजावलं.

थंडीचे दिवस होते आणि धाकटीच्या वाट्याला चढाच्या गल्ल्या आल्या. इकडे टेबलावर थोरलीला जोडीला नवी बाई मिळाली. आता थोरली प्रत्येक बाटली वाकवून उजेडात धरायची आणि पांढरी रेघ बघायची. तिच्यासाठी पट्टा हळू करावा लागला. बाई म्हणाल्या, "आता कशा डोळ्यांत तेल घालून काम करता!" थोरलीने मान हलवली.

संध्याकाळी धाकटी घरी यायची आणि खाटेवर टेकायची. ती खोकते हे थोरलीला दिसायचं. किती खोकते ते ऐकू येत नव्हतं. खोकल्याचा आवाज कसा बदलत गेला, छातीत शीळ कधी वाजायला लागली, हे भिंतीपलीकडच्या शेजारणीला ठाऊक होतं आणि हातभर अंतरावर असलेल्या थोरलीला नाही. ती धाकटीला गरम पाणी द्यायची, पाठ चोळायची आणि मनाशी म्हणायची, उद्या बाईंना सांगते. असे एकोणचाळीस उद्या गेले.

चाळिसाव्या दिवशी दुपारी हातगाडीवरची जोडीदारीण शेडमध्ये धावत आली. धाकटी चढावर गाडीचा दांडा धरूनच खाली बसली होती.

इस्पितळात थोरली तीन दिवस तिच्या उशाशी होती. धाकटीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता आणि घरघर करणारं यंत्र पलंगाशेजारी. थोरलीला ते मुकंच. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने डोळे उघडले. थोरलीकडे पाहिलं. तिचा हात वर गेला, मास्कपाशी पोहोचला आणि तिने तो हनुवटीखाली ओढला. अगदी शेडमध्ये ओढायची तसा.

चार वर्षं रोज हा हात थोरलीने पाहिला होता, आणि त्याचा अर्थ तिला आज कळला. धाकटी इतरांशी मास्कमधूनच बोलायची. सुटे सुटे शब्द, उलटं चालणं, तोंडासमोर तोंड; हे सगळं फक्त तिच्यासाठी. धाकटीला पहिल्यापासून माहीत होतं. ती एवढी वर्षं धूळ गिळत राहिली, ते थोरलीला ओठ दिसावेत म्हणून.

ओठ हलायच्या आत नर्सने मास्क परत बसवला आणि बोट हलवून नको नको केलं. धाकटीने पुन्हा हात उचलला, पण तो अर्ध्यावरच पडला. मग ती मास्कच्या आतूनच बोलली. प्लास्टिकवर वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. बरंच काहीतरी बोलली ती. शेवटी थांबली आणि उत्तराची वाट बघत थोरलीकडे बघत राहिली.

आणि थोरलीने मान हलवली. म्हणाली, "हो गं, हो. करते."

सवय, दुसरं काय! चार वर्षांत हाडीमाशी मुरलेली सवय. धाकटीने डोळे मिटले. तिला तो होकार ओळखू आला का, कोण जाणे. दुपारी ती गेली.

सगळं उरकल्यावर थोरली त्या वॉर्डात परत गेली. नर्स औषधं मोजत होती. थोरली तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला ऐकू येत नाही." किती मोठ्याने म्हणाली हे तिचं तिला कळलं नाही, सगळा वॉर्ड मान वळवून बघायला लागला. "चार वर्षं झाली. माझी जाऊ काय म्हणाली ते मला सांगा."

नर्सने तोंडावरचा मास्क खाली केला. तिचे ओठ सावकाश हलले. "मी सलाईन बघत होते हो मावशी. माझं लक्ष नव्हतं. तुम्ही हो म्हणालात, मला वाटलं तुम्हाला कळलं."

तिथून थोरली तडक शेडमध्ये गेली. यंत्र बंद करायला लावलं आणि सगळ्यांसमोर बाईंना सांगितलं: तो माल माझ्या हातून परत आला, माझे कान गेलेत, धाकटीचा काही दोष नव्हता. सांगताना ती रडली. बाई रडल्या. बाईंनी वही आणून धाकटीच्या नावावर रेघ मारली आणि थोरलीला झाकणांच्या टेबलावर स्वतः नेऊन बसवलं. पहिल्यांदाच थोरलीला वाटलं, धाकटीचं निदान काहीतरी आपण नीट केलं.

ती घरी आली. खाटेवर बसली. समोरच्या खाटेवर धाकटीचं ओळखपत्र होतं, दोरी गुंडाळून ठेवलेलं. ते उचलता उचलता तिचा हात थांबला.

शेवटी धाकटी काय म्हणाली असेल? खोली सांभाळा, म्हणाली असेल. स्वतःला जपा, म्हणाली असेल. पण चार वर्षं जिने जिवापाड एकच गोष्ट सांभाळली होती, ती दुसरं काय मागणार? "जाऊबाई, कुणाला सांगू नका हं. मी गेले तरी सांगू नका."

आणि थोरलीने हो म्हटलं होतं.