चार मीटर नळी

१९ नोव्हेंबर २०१८. ऑक्सिजनची नळी, चार मीटर, सहाशे चाळीस सोम. किर्गिझस्तानातल्या आमच्या नारीन गावच्या इस्पितळात श्वासाच्या यंत्रांची जी चाचणी चालू आहे, तिचे हिशेब मी ठेवतो. त्यातल्या या एकाच खरेदीचं कारण लिहायला मला जागा पुरली नाही. कारण होतं अशीरबाय.

अशीरबाय दिवसा लोकांची धुराडी साफ करतो आणि लग्नात तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, असतो. पाहुण्यांपैकी कुणाला कधी बोलायला उठवायचं, रुसलेल्या व्याह्याला कशाने हसवायचं, हे त्याच्याकडून शिकावं. माझ्या लग्नात त्याने माझ्या सासऱ्यांना नाचवलं होतं, आणि ते आयकर खात्यात होते.

त्या नोव्हेंबरात त्याची दोन्ही फुप्फुसं सुजली. एका दमात चार शब्दही निघेनात. नात बुरुलचं लग्न २९ डिसेंबरला, आणि तमादा अर्थातच आजोबा.

चाचणी डॉक्टर नुरझातची. एका यंत्रातून गरम, ओलसर ऑक्सिजन नाकातल्या नळीने जोरात येतो. दुसऱ्याचा घट्ट मुखवटा तोंडानाकावर बसतो आणि हवा आत ढकलतो. जास्त चांगलं कोणतं हे अजून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून रुग्णाची संमती घ्यायची, बंद पाकीट फोडायचं आणि त्यात निघेल ते यंत्र लावायचं. नुरझातने अशीरबायला, वडीलधाऱ्याला आम्ही म्हणतो तसं 'बायके' म्हणून, स्पष्ट सांगितलं, "बायके, दोन्हींनी भागलं नाही तर घशात नळी घालावी लागेल. मग आवाजाचं मी काही सांगू शकत नाही."

अशीरबायला नाकातली नळी हवी होती, कारण ती लावून बोलता येतं.

"पाकीट... तू फोडणार की मी?"

"मीच. आणि तुम्ही फुंकर मारून आतलं बदलायचं नाही."

"फुंकर असती तर... इथे आलो असतो का?"

नाकातली नळी निघाली. कुस्तीत मेंढा जिंकल्यासारखा त्याचा चेहरा झाला. खिडकीखालच्या पलंगावरून तो दोन-दोन शब्दांत नर्सेसची लग्नं जुळवू लागला.

दुसऱ्या दिवशी सुयुंदुक अक्साकाल आले; अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे, मानाचे वडीलधारे. वय एक्याऐंशी, जन्मभर घोडे राखलेले. त्यांच्या पाकिटात मुखवटा निघाला आणि रिकामा पलंग होता तो दाराशी. आता खिडकीखालची, दारापासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे तोर, घरातल्या थोरल्याची. थोरला दाराशी पडलेला आणि आपण तोरवर, हे अशीरबायला सोसेना. नुरझात जेवायला गेली तेवढ्यात अक्साकालांच्या दोन सुनांनी दोघांचे पलंग बदलून टाकले.

"यंत्रांना हात लावला नाही हं," थोरली सून नुरझातला अभिमानाने सांगत होती. "माणसंच तेवढी बदलली. मुखवटा पुसूनसुद्धा घेतला!"

खर्चाचं काही निघालं तर असावा म्हणून मलाही बोलावणं आलं. अक्साकाल नाकात नळी घालून खिडकीखाली तृप्त पहुडले होते. दाराशी मुखवट्यात अशीरबाय डोळे विस्फारून धापा टाकत होता. बोलायला तोंड उघडलं की मुखवटा सुटायचा, हवा गळायची आणि यंत्र किंचाळायचं.

"अक्साकाल, आपली जागा तिकडे आहे," नुरझात म्हणाली.

"दाराशी? तोरवर बसवलेल्या म्हाताऱ्याला उठवतेस, पोरी?"

"पाकिटात जे निघालं ते—"

"पाकीट माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे?"

मी हळूच विचारलं, "आता गणती कशी करायची? ज्याच्या नाकात नळी, त्याच्या नावावर?"

"नाही. पाकीट ज्याचं, गणती त्याची. उद्या तो घोड्यावर बसून पळाला तरी." मला हे फार आवडलं. मग ती अशीरबायकडे वळली. "बायके, तोंड मिटा. ऑक्सिजन उतरतोय. असंच चाललं तर संध्याकाळी घशात नळी."

अशीरबायने तोंड मिटलं. तीस वर्षांत मी त्याला गप्प पाहिला नव्हता. त्याने हात उचलला, यंत्राच्या पायांकडे बोट दाखवलं आणि दोन बोटं गोल गोल फिरवली.

"घोडागाडी मागतोय," धाकटी सून म्हणाली.

"चाकं!" नुरझात ओरडली. "यंत्रांना चाकं आहेत!"

म्हणजे माणसं राहू देत जिथे आहेत तिथे, यंत्रंच बदला. अडचण एवढीच की भिंतीतल्या ऑक्सिजनपासून दोन्ही नळ्या प्रत्येकी दोन मीटर तोकड्या पडत होत्या. समोरच्या कुबानिचच्या दुकानात इस्पितळाच्या नळ्या मिळतात. मी पळत गेलो. कितीतरी वर्षांनी पळालो.

"हिशेबनीस पळतोय म्हणजे बँक बुडाली की काय?" कुबानिच म्हणाला आणि नळी मापू लागला.

तोवर सिलिंडरवर भागवलं होतं. नवी नळी जोडली आणि अशीरबायच्या नाकात पुन्हा गरम वारा शिरला. पडद्यावरचा आकडा हळूहळू वर चढला. पहिलं वाक्य आलं, "दाराशीच बरं... येणारा पाहुणा... आधी माझ्याच तावडीत."

तोरवरून अक्साकालांनी मुखवट्याआडूनच दोन्ही तळवे वर करून सगळ्यांना आशीर्वाद दिला.

घशात नळी घालायची वेळ आली नाही. दोघेही आपापल्या पायांनी घरी गेले. नुरझातने झालेली चूक चाचणीच्या मुख्य कार्यालयाला जशीच्या तशी कळवली. तिकडून एकच प्रश्न आला : "तोर हे कोणत्या कंपनीचं यंत्र?" तेव्हापासून आमच्याकडे आधी वयाप्रमाणे पलंग देतात आणि मगच पाकीट फोडतात.

२९ डिसेंबरला अशीरबाय उभा राहिला. दम कमी, म्हणून विनोद आखूड. त्यावर लोक म्हणाले, इतकी वर्षं आम्ही याचीच वाट बघत होतो. तोरवर सुयुंदुक अक्साकाल बसले होते. अशीरबायने त्यांना बोलायला उठवलं, आणि मग त्यांना खाली बसवणं काही त्याला जमलं नाही. बुरुल हसून हसून रडली.

दोन यंत्रांतलं कोणतं चांगलं, याची गणती अजून चालू आहे. त्या दिवशी माझ्या खिशात सहाशे सोमच होते. कुबानिचचे चाळीस सोम अजून द्यायचे आहेत.